मिनोलाचा कट्टा

कॅनावन फॉल्स, ऑन्टॅरिओ
१४ मे १९९१

प्रिय रोझलीन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते चुलीत टाकलं नसशील असं धरून चालतो. मी एमेट. बाबांच्या मातीला भेटलो त्याला अठरा वर्षं झाली. त्या दिवशी चर्चच्या तळघरात, हॅम सँडविचच्या ताटाशेजारी उभं राहून तू मला जे काही म्हणालीस ते माझ्या नीट लक्षात आहे, तेव्हा पुन्हा म्हणायची तसदी घेऊ नकोस.

कामाचं लिहितो. यंदा नदी एप्रिलभर गुहेत ठाण मांडून होती. पंप मध्येच बंद पडला, पण अखेर पाणी उपसून झालं, लाकडी पायवाट धुतली, दिवे लागले. पुढच्या आठवड्यात पर्यटकांसाठी गुहेचं दार उघडायचं. काळ्या माश्या नेहमीसारख्या जीव खातायत. गुडघे सोडले तर मी बरा आहे.

तर झालं असं की टोरंटोहून एक गृहस्थ आले होते. देशभरातल्या नावाजलेल्या गुहांचं पुस्तक काढतायत. रॉकीजमधली हिमनदीखालची, पश्चिम किनाऱ्याला तू राहतेस त्या बेटावरच्या, थेट नोव्हा स्कोशियापर्यंतच्या. आणि त्यात आपली. आपल्या स्वयंपाकघरात बाबांनी देशाचा नकाशा लावला होता, आठवतो? मोठी गुहा असेल तिथे टाचणी. आपल्या जागी मात्र त्यांनी कधी टाचणी लावली नाही. म्हणायचे, ती दुसऱ्या कुणीतरी लावायला हवी. आता कुणीतरी लावतोय.

खरं सांगायचं तर गृहस्थ आधी जांभया देत होते. लांबी सांगितली, त्यांनी लिहूनसुद्धा घेतली नाही. चुनखडीतले शिंपले दाखवले, त्यांनी घड्याळ पाहिलं. मग आम्ही मिनोलाच्या कट्ट्यापाशी आलो आणि मी सुरुवात केली. इथल्या आदिवासींच्या सरदाराची मुलगी मिनोला, तिचा प्रियकर होडी घेऊन जमिनीखाली शिरणाऱ्या नदीत गेला तो आलाच नाही, ती या कट्ट्यावर बसून दगड होईपर्यंत रडली, आणि छतातून ठिबकतं ते तिचंच पाणी. गृहस्थांचं पेन धावायला लागलं. म्हणाले, हीच तर तुमच्या गुहेची खासियत.

त्यांना तो फोटो हवाय. वेण्या घालून, मेणबत्ती घेऊन तू कट्ट्यावर बसलीयस तो. एकच प्रत होती आणि ती तू घर सोडताना नेलीस. पाठवशील का? काम झालं की परत करीन.

तुझा भाऊ,
एमेट


१२ जून १९९१

प्रिय रोझलीन,

तुझं कार्ड मिळालं. पुढे देवमासा, मागे एक ओळ: "त्यांना गाईचा फोटो पाठव."

हसलो. एकटाच होतो, तरी मोठ्याने हसलो. ठीक आहे, मान्य. मिनोला आपली गाय होती, एका शिंगाची, आणि बाबांनी तिचं दूध काढता काढता ही गोष्ट रचली. हे ठाऊक असलेली आता आपण दोघंच उरलो. पण त्यात एवढं काय गं? या देशात कड्यांवरून आणि धबधब्यांवरून इतक्या सरदारकन्यांनी उड्या टाकल्यात की सरदारांना मुलगे होते की नाही याची शंका यावी. आपलीने निदान उडी तरी नाही मारली. लोक दमून येतात, मुलं कुरकुरत असतात, त्यांना एक गोष्ट मिळते. यात कुणाचं काही जात नाही.

तुझा राग मला कळतो. बाबांनी तुझ्या तोंडाला बुटाचं तपकिरी पॉलिश लावलं, घोड्याच्या केसांच्या वेण्या लावल्या, चार उन्हाळे तुला तिथे बसवलं. ते काही बरं नव्हतं. पण माझ्यावर कशाला राग? मी तर वर दारात तिकिटं फाडत होतो.

परवा एक शाळा येऊन गेली. तळ्यावरच्या वस्तीतली, चौथीचा वर्ग. अल्गॉन्क्विन, म्हणजे इथल्या मूळच्या आदिवासींची मुलं. तिकडची माणसं सहसा येत नाहीत, आणि आली तर मी कट्ट्यापाशी शिंपल्यांचंच बोलतो आणि पुढे नेतो. पण तोंडाला इतक्या वर्षांची सवय. कट्टा आला आणि मी सुरू झालो. मध्येच लक्षात आलं, पण तोवर प्रियकर होडीत बसला होता.

मुलं अगदी गप्प ऐकत होती. जोलीन म्हणून एक मुलगी आहे, बाजूचे दोन दात पडलेले. तिने विचारलं, "ती आमच्यातली होती?"

काय म्हणणार होतो? हो म्हटलं.

मग तिने विचारलं, मी इथे बसू का. बसली. पाय खाली टेकत नव्हते. बाईंनी फोटो काढला. बस, एवढंच. तुला सांगावंसं वाटलं, का ते माहीत नाही.

एमेट


२० जुलै १९९१

प्रिय रोझलीन,

यावेळी तुझं काहीच आलं नाही. हरकत नाही. इकडे उन्हाने नदी इतकी आटलीय की दगडांवरून चालत पलीकडे जाता येतं.

त्या जोलीनची आजी आली होती. फिलोमीन पार्ट्रिज नाव. तीच नातीला वाढवते. बुटकी, जाड चष्मा, पायात पुरुषी बूट. जोलीनने शाळेत 'आमच्या लोकांच्या गोष्टी' अशा काहीतरी कार्यक्रमात मिनोला सांगितली. टाळ्या पडल्या. घरी येऊन तिने आजीला विचारलं, तू मला ही कधीच का नाही सांगितलीस?

आजीला ती माहीतच नव्हती. म्हणून ती बसने आली, फाट्यापासून गुहेपर्यंत उन्हात चालत. आधी तिकीट मागितलं. मी म्हटलं राहू द्या, तर म्हणाली, "फुकट नको. मी ऐकायला आलेय."

खाली कट्ट्यापाशी आम्ही दोघंच होतो. सुरुवात करण्याआधी तीच बोलली. जसं बोलली तसं लिहितो, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही.

"सहा वर्षांची होते तेव्हा मला आणि जोसेफीनला, माझ्या बहिणीला, सरकारने घरातून उचलून दूरच्या निवासी शाळेत नेलं. आमची भाषा बोललो की मार. परत आलो तेव्हा आईशी बोलायला भाषाच उरली नव्हती. ती रात्री काहीबाही सांगायची आणि मी नुसती मान हलवायचे. ही गोष्टपण तिने सांगितली असेल. आणि मी मान हलवली असेल."

मग म्हणाली, "तू तुझ्या बापाकडून ऐकलीस ना? त्याला आमच्यातल्याच कुणीतरी सांगितली असणार. तुम्ही जपून ठेवलीत, आणि मला लाज वाटते की आम्ही नाही ठेवली. सांग. सावकाश सांग."

सांगितली. थोडी वाढवून सांगितली असेल. समोरचं माणूस इतकं जीव लावून ऐकायला लागलं की जीभ थांबत नाही. जाताना तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. मी तिला फाट्यापर्यंत गाडीने सोडलं आणि परत येऊन पंपाचं तेल बदललं, बदलायला झालं नव्हतं तरी.

पुस्तकवाले गृहस्थ फोटोसाठी पुन्हा फोन करत होते. शोधतोय म्हणून सांगितलं.

एमेट


३ सप्टेंबर १९९१

रोझलीन,

"तिला सांग." कार्डावर एवढंच लिहिलंस. पुढे पुन्हा तोच देवमासा. एकगठ्ठा आणून ठेवलीयस का ती कार्डं?

सांगितलं नाही. आधी तुला एक सांगायचंय, मागच्या पत्रात मी ते गिळून टाकलं. 'थोडी वाढवून' म्हणालो ना, ते असं. गोष्ट संपली तेव्हा फिलोमीनने विचारलं, "आणि तिची आई? आई काय करत होती?"

बाबांच्या गोष्टीत आई नाहीच. सरदार, पोरगी, होडी, संपलं. पण ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, आई होती ना. रोज संध्याकाळी नदीकाठी उभी राहून ती लेकीला हाका मारायची. लेक दगड झाली तरी हाका मारायची. अशी हाक, म्हणून मी तोंडाशी हात धरून 'मिनोलाऽ' करून दाखवलं, आणि गुहेने ते परत म्हटलं. आपली आई गोठ्याच्या दारातून गाईला तशीच हाक मारायची. तीच हाक मी त्या बाईला दिली. तिने चष्मा काढून पुसला. आणि मला, रोझलीन, मला त्या क्षणी बरं वाटत होतं. गोष्ट जमली असं वाटत होतं. हे लिहिताना मेल्याहून मेल्यासारखं होतंय.

काल फिलोमीन पुन्हा आली, धुरी दिलेला मासा आणि ब्लूबेरीचा मुरंबा घेऊन. जोसेफीन, तिची बहीण, गेल्या आठवड्यात वारली. पोटात गाठ होती. शेवटच्या दिवसांत फिलोमीनने तिला मिनोलाची गोष्ट सांगितली. जोसेफीनने डोळे मिटून ऐकली. मग म्हणाली, "हो. ती हाक. आई अशीच मारायची. मला आठवतं." दोघी बहिणींनी मिळून ती हाक मारून पाहिली. फिलोमीन सांगत होती की साठ वर्षांत त्या दोघी आईबद्दल पहिल्यांदाच बोलल्या.

मासा घेतला. आभार मानले. तो तसाच शीतकपाटात पडलाय. खाववत नाही आणि टाकवतही नाही.

तू म्हणतेस सांग. आता कसं सांगू? सांगितलं तर मेलेल्या बाईची आठवण खोटी पाडतो. नाही सांगितलं तर जोलीन ती पुढे आपल्या मुलांना सांगेल, आणि आपली गाय त्यांची पूर्वज होऊन बसेल. पहिल्या दिवशी त्या पोरीला 'नाही' म्हटलं असतं तर एका शब्दात भागलं असतं.

तुला हे लिहून काय मिळतं मला? एवढंच की तुझ्यापुढे मला सोंग आणता येत नाही.

एमेट


२९ सप्टेंबर १९९१

रोझलीन,

सांगितलं.

तळ्यावर गेलो, सकाळीच, म्हणजे दिवसभर उगाच गाडी फिरवत टाळत बसायला नको. मेपल लाल झालेत. फिलोमीन अंगणात लाकडं रचत होती. मला पाहून खूश झाली, चहा टाकला. जोलीन शाळेत होती. कपाटावर तिचा तो कट्ट्यावर बसलेला फोटो, चौकटीत.

बसायला सांगितलं तरी मी उभाच राहिलो. म्हटलं, मिसेस पार्ट्रिज, ती गोष्ट तुमची नाही. तुमच्यातल्या कुणीच ती आम्हाला सांगितली नाही. माझ्या बापाने गिऱ्हाईक यावं म्हणून रचली, आणि मिनोला आमची गाय होती. आणि ती हाका मारणारी आई, ती तर मी तुमच्यासमोर उभ्या उभ्या रचली. जोसेफीनला जे आठवलं ते माझं होतं.

घाईघाईत सगळं एका दमात ओकलो. मग वाट बघत राहिलो. तिने दार दाखवलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने चहा गाळला, साखर घातली, कप माझ्यापुढे सरकवला.

"चांगली होती का गाय?" तिने विचारलं.

हो म्हटलं. दूध भरपूर द्यायची. लाथ मारायची.

"हं," म्हणाली. आणि खिडकीकडे वळली. मी म्हटलं, मला माफ करा. मला फार लाज वाटते. तिने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"जोसेफीन ती हाक ऐकत गेली," ती म्हणाली. "आता आईने खरंच हाक मारली होती की तुझीच आम्हाला आठवली, ते मला कधीच कळणार नाही. तू आलास, सांगितलंस, आता तुला हलकं वाटेल. पण हे मला देऊन जाऊ नकोस. माझ्याकडे त्या शाळेचं पुष्कळ पडलंय, आणखी ठेवायला जागा नाही. हे तुझं आहे. तूच ठेव."

चहा कडू लागला, साखर असून. दारापर्यंत गेलो तेव्हा मागून म्हणाली, "जोलीनला मी सांगणार नाही. तू सांगायचंस. जिथे खोटं सांगितलंस तिथे, तिच्या वर्गासमोर. मी येईन."

हलकं वाटलं नाही, रोझलीन. तिचा तेवढा अंदाज चुकला.

एमेट


१२ ऑक्टोबर १९९१

प्रिय रोझलीन,

हे शेवटचं, मग तुला त्रास देणार नाही. सोमवारी थँक्सगिव्हिंग, त्यानंतर मी गुहा बंद करतो.

काल वर्ग आला. आता मुलं पाचवीत गेलीत, जोलीनचे दात आलेत. फिलोमीन मागे उभी होती, हाताची घडी घालून. रात्री मी बरंच पाठ केलं होतं, मुलांना समजेल असं, गोड करून. कट्ट्यापाशी पोचलो आणि ते सगळं विसरलो. म्हटलं, ही गोष्ट खोटी आहे. माझ्या वडिलांनी बनवली. तुमच्या लोकांचं नाव लावलं म्हणजे तिकिटं खपतील म्हणून. मिनोला नावाची कुणी मुलगी नव्हती. मला माहीत असून मी जूनमध्ये तुम्हाला खोटं सांगितलं. मला लाज वाटते.

एक मुलगा म्हणाला, म्हणजे दगड झाली ते पण खोटं? बाकीचे हसले. जोलीन हसली नाही. तिचे कान लाल झाले होते. साऱ्या शाळेपुढे तिनेच ती सांगितली होती ना. पोरीची लाज माझ्या लाजेपेक्षा मोठी होती आणि ती मीच तिच्या पदरात घातली होती.

ती आजीला म्हणाली (कोकुम म्हणजे त्यांच्यात आजी), "कोकुम, मग आपले लोक या जागेला काय म्हणायचे?"

"मला नाही माहीत, बाळ," फिलोमीन म्हणाली. एवढंच, पण मान वर ठेवून म्हणाली.

मग जोलीन कट्ट्याजवळ गेली. त्यावर अजून तुझ्या मेणबत्त्यांचं मेण आहे, ठाऊक आहे? जाड पिवळा थर, दरवर्षी नदी त्याच्यावरून जाते तरी निघत नाही. तिने नखाने ते खरवडलं आणि माझ्याकडे वळली.

"मग इथे कोण बसायचं?"

मी म्हटलं, माझी बहीण. रोझलीन गॅलिव्हन. तुझ्यापेक्षा थोडी मोठी. तिच्या तोंडाला बुटाचं पॉलिश लावून तिला मिनोला करायचे. सोळाव्या वर्षी एक दिवस ती लोकांसमोर उठून उभी राहिली, आपलं खरं नाव सांगितलं, ही आमच्या गाईची गोष्ट आहे म्हणाली आणि चालती झाली. ती खरं बोलली होती. मी लोकांना सांगितलं की तिला ताप भरलाय, आणि राहिलेली गोष्ट पुरी केली.

"ती रडायची?" जोलीनने विचारलं. "मिनोला रडायची म्हणालात ना. ती बहीण रडायची का?"

रोझलीन, या प्रश्नासाठी मी तयार नव्हतो. इतकी वर्षं मी त्या जागी उभा राहून 'इथे एक मुलगी बसून रडली' असं सांगत आलो, आणि एकदाही मला सुचलं नाही की तेवढं मात्र खरं होतं. तू रडायचीस. पॉलिशवरून पाण्याचे पांढरे ओघळ यायचे. बायका पर्समधून रुमाल काढायच्या. बाबा संध्याकाळी जेवताना म्हणायचे, आज पोरीने काय रंगवलं, आणि तू ताटातलं बटाट्याचं भरीत चमच्याने नुसतं सपाट करत बसायचीस. मी समोरच बसलेला असायचो.

हो म्हटलं. रडायची. रोज.

"आणि तुम्ही कुठे होता?"

तुला मी लिहिलं होतं की मी तिकिटं फाडायचो. तिकिटं आई फाडायची. तुलाच असं लिहायला मी धजावलो, जिने सगळं डोळ्यांनी पाहिलंय.

मागून फिलोमीन माझ्याकडे बघत होती. वरून कट्ट्यावर पाणी ठिबकत होतं.

मी म्हटलं, मी इथेच उभा असायचो. लोकांना तिचे डोळे नीट दिसावेत म्हणून तिच्या तोंडासमोर कंदील धरायचो.

एमेट